शेजार, बरसाती आणि सहनिवास : भाड्याच्या सामायिक घरांची समर्थने

महानगरांतील माणसे प्रथम जागेच्या टंचाईमुळे एकत्र राहू लागली; त्या एकत्र राहण्यातील मूल्य मागाहून सांगितले गेले. भाड्याच्या सामायिक निवासाच्या समर्थनांचा इतिहास हा क्रम ध्यानात ठेवून वाचावा लागतो.

मुंबईचे उदाहरण मराठी अभ्यासकांना परिचित आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने दाट वस्त्या पाडताना आरोग्याची भाषा वापरली. १९२० नंतर उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींत एक खोली व सामायिक शौचालय एवढी सोय कामगारांसाठी पुरेशी मानली गेली. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) सारख्या साहित्याने मध्यमवर्गीय चाळीतील अडचणीला 'शेजार' हा अर्थ दिला.

दिल्लीत अशी परंपरा घडली नाही. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्याने घरे अपुरी पडली आणि भाड्याच्या खोल्यांना मागणी आली. परंतु 'चाळ' हा शब्द समूहाचा बोध करून देतो, तर 'बरसाती' हा शब्द गच्चीवरील एकट्या खोलीचा. दिल्ली भाडे नियंत्रण अधिनियम, १९५८ ने भाडेकरूला निष्कासनापासून संरक्षण दिले. त्याच वेळी मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे हे निष्कासनाचे कारण ठरवले. म्हणजे कायद्याने राहणाऱ्याला आश्रय दिला, पण त्याने आपल्या मर्जीने जागा वाटून घेण्याकडे मात्र संशयाने पाहिले. १९८८ च्या दुरुस्तीने ३५०० रुपयांहून अधिक मासिक भाड्याची घरे या संरक्षणाबाहेर गेली.

दिल्ली, गुरुग्राम व नोएडा येथील 'पीजी' आणि त्यांच्यानंतर आलेली 'को-लिव्हिंग' निवासस्थाने या पार्श्वभूमीवर पाहावीत. त्यांच्या जाहिरातींत मैत्री व समुदाय यांची भाषा आढळते. करारात मात्र निवासी बहुधा भाडेकरू नसून केवळ लायसन्सधारक असतो. २०२० च्या टाळेबंदीत श्रमिक शहरे सोडून गेले. त्यानंतर केंद्र शासनाने त्याच वर्षी आणलेल्या परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांच्या योजनेत कामाच्या ठिकाणानजीकच्या सन्मानपूर्ण निवासाचा विचार मांडला गेला.

आरोग्य, शेजार, समुदाय, सन्मान अशी समर्थने बदलत गेली. यांतील शेजाराची कल्पना साहित्यातून आली. उरलेल्या तिन्ही बहुतांशी घर देणाऱ्यांच्या बाजूने मांडल्या गेल्या. चाळीत शेजार रुजला, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या वास्तव्यामुळे. जिथे उद्याच्या वास्तव्याची शाश्वती नाही, तिथे 'समुदाय' हा शब्द टंचाईचे सौम्य नाव ठरण्याचा धोका असतो.