ब्रेकमधली हवा

पारनेरकडचा भाजीपाला घेऊन कल्याणला निघालेली जुनी पिकअप माळशेज घाट उतरते, तेव्हा तिची भिस्त असते ती सतराव्या शतकातल्या एका नियमावर. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलचे प्रतिपादन त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये छापले गेले. मोटारीच्या ब्रेकपर्यंत यायला त्याला अडीचशे वर्षे लागली.

तोपर्यंत ब्रेक लोखंडी दांड्यांनी किंवा तारांनी ओढले जात. एक तार सैल पडली की गाडी एका बाजूला खेचली जाई. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याला (विमानांच्या लॉकहीड बंधूंपैकी हा एक) 1917 मध्ये द्रवचलित ब्रेकचे पेटंट मिळाले. 1921 च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक होते. मात्र आतले चामड्याचे कप गळत. 1924 च्या क्रायस्लरसाठी अभियंत्यांनी त्याजागी रबरी कप आणले. फोर्डच्या गाड्यांत हे ब्रेक आले थेट 1939 च्या मॉडेलांत!

रबर आले आणि नवा प्रश्न उभा राहिला. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. म्हणून एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरात आले. पुढे ग्लायकॉल वर्गातले द्रव आले. आपले मेकॅनिक याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात. नाव फसवे आहे. त्या नावाला भुलून कोणी इंजिन ऑइल ओतले, तर कप फुगून ब्रेक निकामी होतात.

महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपच्या चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर आणि एकच द्रवमार्ग होता. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे झाले ते 1968 पासून.

पेडल मऊ लागते ते का, हे वर्गात दोन सिरिंजा आणि सलाइनच्या नळीने दाखवता येते. नळीत पाणी भरा. एक दट्ट्या दाबताच दुसरा लगेच सरकतो. आता हवेचा एक मोठा बुडबुडा राहू द्या. दट्ट्याची पहिली धाव हवा दाबण्यातच खर्च होते. पिकअपमध्ये नेमके हेच घडते.

पण प्रत्येक मऊ पेडल म्हणजे हवा नव्हे. दोन-तीनदा पंप मारल्यावर पेडल वर येऊन घट्ट झाले, तर हवा आहे किंवा ड्रममधले लायनर सैल आहेत. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचा कप झिजला आहे. टाकीतली पातळी उतरत असेल, तर चाकांच्या आतल्या बाजू आणि नळ्या तपासाव्यात.

सर्वांत फसवी तक्रार घाटातली. चढताना ब्रेक चांगले, लांब उतारानंतर पेडल एकदम मऊ, गाडी थंड झाल्यावर पुन्हा ठीक. ग्लायकॉल हवेतले पाणी शोषते. डॉट-3 प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो 140 पर्यंत उतरलेला चालतो. तापलेल्या ड्रमजवळ तो उकळतो आणि वाफ दाबली जाते. इथे केवळ हवा काढून भागत नाही, सगळा द्रव बदलावा लागतो, तोही सीलबंद डब्यातला.

हवा काढायला दोन माणसे लागतात. बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करायचा आणि तो पुन्हा आवळेपर्यंत पहिल्याने पाय उचलायचा नाही. उचलला, तर काढलेली हवा परत आत जाते. टाकी मध्येच रिकामी झाली, तरी सगळे पहिल्यापासून करावे लागते.