डीएनए परीक्षण व चुकीची दोषसिद्धी
न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व्यक्तीचा डीएनए आणि गुन्ह्याच्या जागी मिळालेले रक्त, वीर्य, केस इ. जैव अवशेष यांची तुलना करून तिचे निरपराधित्व सिद्ध करण्याची पद्धती. लेस्टर विद्यापीठातील आनुवंशिकीविज्ञ ॲलेक जेफ्रिझ यांनी १९८४ मध्ये डीएनए अंगुलिमुद्रणाचा शोध लावला. लेस्टरशर परगण्यातील दोन मुलींच्या खून-प्रकरणी १९८६ मध्ये त्याचा उपयोग झाला, तेव्हा एका खुनाची कबुली दिलेल्या १७ वर्षांच्या मुलाचा या गुन्ह्यांशी संबंध नसल्याचे दिसून आले. खऱ्या गुन्हेगारास १९८८ मध्ये जन्मठेप झाली. या तंत्राने प्रथम निरपराध्यास सोडविले व मग अपराध्यास पकडले, हा क्रम लक्षणीय आहे. दोन नमुने जुळले, तर त्याचे मूल्य संभाव्यतेच्या भाषेत सांगावे लागते. ते जुळले नाहीत, तर ते अवशेष त्या व्यक्तीचे नव्हेत, हे निश्चित होते.

आरंभीच्या पद्धतीस पुष्कळ व ताजे द्रव्य लागे. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधून काढलेल्या पॉलिमरेज शृंखला विक्रियेमुळे जुन्या, अत्यल्प डागांचेही परीक्षण शक्य झाले. तिच्या आधारे १९८९ मध्ये इलिनॉय राज्यातील एका बंद्याची १९७९ ची दोषसिद्धी रद्द झाली.

कर्क ब्लड्सवर्थ यांचा खटला विशेष उद्‌बोधक आहे. मेरिलंड राज्यात १९८४ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीचा खून झाला. पाच साक्षीदारांनी ब्लड्सवर्थ यांना ओळखल्याचे सांगितले व १९८५ मध्ये त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. दुसऱ्या संशयिताविषयीची माहिती अभियोग पक्षाने बचाव पक्षास न दिल्याने ती १९८६ मध्ये रद्द झाली. परंतु फेरचौकशीतही ते दोषी ठरून त्यांना जन्मठेप मिळाली. तुरुंगात त्यांच्या वाचनात लेस्टरशर प्रकरणावरील जोसेफ वॉम्बॉ यांचे पुस्तक आले आणि त्यांनी परीक्षणाची मागणी केली. नष्ट झाले असे समजलेले मुलीचे कपडे न्यायाधीशांच्या दालनात सापडले. त्यांवरील डाग ब्लड्सवर्थ यांचा नव्हता. २८ जून १९९३ रोजी ते मुक्त झाले. देहान्ताची शिक्षा झालेली व्यक्ती डीएनए परीक्षणाने निर्दोष ठरल्याचे अमेरिकेतील हे पहिले उदाहरण होय. खरा गुन्हेगार २००३ मध्ये नोंदसंग्रहावरून कळला. तो त्यांच्याच तुरुंगात बंदी होता.

बॅरी शेक व पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ ही संस्था सुरू केली. अमेरिकेत अशा रीतीने निर्दोष ठरलेल्यांची संख्या पुढे साडेतीनशेच्या वर गेली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश खटल्यांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची ओळख चुकली होती, तर काहींत आरोपींनी खोटी कबुली दिली होती. अनेक गुन्ह्यांत जैव अवशेष मिळतच नाहीत. तेथे हे परीक्षण निरुपयोगी ठरते.

परीक्षणाची संधी देणारा संघीय कायदा २००४ मध्ये झाला व त्यातील अनुदान-योजनेस ब्लड्सवर्थ यांचे नाव देण्यात आले. तथापि दोषसिद्धीनंतर असे परीक्षण करून घेण्याचा संविधानात्मक हक्क बंद्यास नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अलास्कातील एका खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला आणि हा विषय विधिमंडळांवर सोपविला.