कासदाहावर विषाणूंचा उतारा: बॅक्टेरिओफेज दुधात कुठे अडतो?

कास सुजली, दुधात गाठी आल्या की गोठ्यात पहिला शब्द निघतो तो 'दगडी', म्हणजेच कासदाह. पण अनेकदा कास ठणठणीत दिसते, दूधही पांढरंशुभ्र असतं आणि आत जिवाणू ठाण मांडून बसलेले असतात. हा सुप्त कासदाह. त्यातला 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' भलताच चिवट. तो कासेच्या पेशींमध्ये लपतो, अँटिबायोटिक दिल्यावरही पुन्हा डोकं वर काढतो आणि कधी कधी सड कायमचा निकामी होतो. शिवाय औषधाचा अंश दुधात उतरतो, त्यामुळे ठरावीक दिवस ते दूध डेअरीला घालता येत नाही.

म्हणून संशोधक बॅक्टेरिओफेजकडे वळले. हे जिवाणूंवर जगणारे विषाणू. फेलिक्स द'हेरेल यांनी १९१७ मध्ये त्यांना हे नाव दिलं. फेज जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आत त्याच्या अनेक प्रती तयार होतात आणि शेवटी जिवाणू फुटतो. गाईच्या पेशींना तो हात लावत नाही. मात्र प्रत्येक फेजचं भक्ष्य ठरलेलं. स्टॅफिलोकॉकसवरचा फेज 'ई. कोलाय'वर चालत नाही, त्यामुळे आधी दुधाची तपासणी हवीच.

प्रयोगशाळेत हे छान जमतं. गाईत? कॅनडातील संशोधकांनी २००६ मध्ये याची चाचणी प्रसिद्ध केली. सुप्त कासदाह असलेल्या दुभत्या होल्स्टिन गाईंच्या सडांत पाच दिवस 'फेज के' सोडला. १८ पैकी ३ सड बरे झाले. नुसतं मिठाचं पाणी दिलेल्या २० पैकी एकही नाही. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पुरेसा ठरला नाही.

अडचण खुद्द दुधात होती. कच्च्या दुधातल्या निवळीमधली प्रथिनं जिवाणूंभोवती लपेटली जातात आणि फेजला चिकटायला जागाच उरत नाही. आयर्लंडमधल्या २००५ च्या अभ्यासातही हाच फेज कच्च्या दुधात अडला होता, तापवलेल्या दुधात मात्र वाढला. आता कासेतलं दूध कोण तापवणार?

त्यामुळे अनेक फेजांचं मिश्रण आणि एन्डोलायसिन यांवर काम सुरू आहे. एन्डोलायसिन हे फेजचं जिवाणूची भिंत फोडणारं विकर. स्टॅफिलोकॉकसची भिंत बाहेरून उघडी असल्याने ते थेट तिच्यावर वार करू शकतं. 'ई. कोलाय'ला मात्र वरून आणखी एक आवरण असतं, तिथे ही युक्ती इतक्या सहज चालत नाही.