डोळ्यांची लिपी आणि बोटांची लिपी : ब्रेलच्या स्वीकाराचा इतिहास

अंधांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना लुई ब्रेलचा बालपणीचा अपघात, त्याची जिद्द आणि त्याच्या लिपीचा विजय असा क्रम सामान्यतः लावला जातो. हा क्रम खोटा नाही. परंतु त्यात एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. ही लिपी १८२४ च्या सुमारास सिद्ध झाली होती, तर फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळण्यासाठी १८५४ साल का उजाडावे लागले? तोवर तिच्या कर्त्याच्या निधनालाही दोन वर्षे होऊन गेली होती. या विलंबाचे कारण लिपीच्या गुणदोषांत नसून अंध विद्यार्थ्याच्या हाती लेखणी द्यावयाची की नाही या प्रश्नात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्हॅलेंटिन हॉय यांनी १७८५ मध्ये पॅरिस येथे अंध मुलांसाठी शाळा काढली. जाड, ओलसर कागदावर रोमन अक्षरे दाबून ती उठावदार करावयाची आणि मुलांनी त्यांवरून बोट फिरवावयाचे, ही त्यांची पद्धत होती. तीमागील कळकळ निःसंशय मोठी होती. परंतु अक्षरांच्या या रेषा घडल्या त्या डोळ्यांसाठी. बोटाला त्या सावकाश उकलत, ग्रंथ अवजड होत आणि मुख्य म्हणजे अशी अक्षरे विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येणे जवळजवळ अशक्य होते. तो वाचक झाला, लेखक झाला नाही. शिक्षकाची मात्र सोय होती. त्याला नवे काहीच शिकावे लागत नव्हते.

सैन्यात अधिकारी राहिलेले शार्ल बार्बिए यांची बारा ठिपक्यांची ध्वनिलेखनपद्धती १८२१ मध्ये या शाळेत आली, तेव्हा ब्रेल बारा वर्षांचा होता. त्याने बारांचे सहा ठिपके केले. त्यामुळे संपूर्ण चिन्ह एका बोटाच्या टोकाखाली मावू लागले. आणि ध्वनींऐवजी वर्णमाला घेतल्यामुळे शुद्धलेखनही साधले. सहा ठिपक्यांतून ६३ चिन्हे होतात. लेखनास पाटी आणि टोचणी पुरते. कागदाच्या मागील बाजूने टोचावयाचे असल्यामुळे उजवीकडून डावीकडे लिहावयाचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाचे, एवढीच काय ती सवय करावी लागते. टिपण काढणे, स्वतःचे लेखन पुन्हा तपासणे, मित्राला खाजगी पत्र पाठविणे हे सारे त्यामुळे प्रथमच विद्यार्थ्याच्या हाती आले. एक विरोधाभास येथे नोंदवण्याजोगा आहे. या लिपीची माहिती देणारे ब्रेलचे १८२९ चे पुस्तक छापले गेले ते उठावदार रोमन अक्षरांतच.

१८४० मध्ये शाळेची सूत्रे द्यूफो यांच्याकडे आली आणि ब्रेलच्या लिपीला शाळेतून बाहेर काढण्यात आले. विद्यार्थी ती चोरून वापरीत राहिले, असे सांगितले जाते. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि तिला पुन्हा प्रवेश मिळाला. अंधांना वेगळी लिपी दिली तर ते डोळस समाजापासून तुटतील, असा अशा लिपींच्या विरोधकांचा युक्तिवाद असे. तो हसण्यावारी नेऊ नये. आजच्या भाषेत तो समावेशनाचाच युक्तिवाद होता. फक्त समावेशनाची अट डोळसांनी ठरविली होती. वास्तविक डोळसांशी संवादाची निकड ब्रेललाही जाणवत होतीच. डोळसांना वाचता येतील अशी अक्षरे अंधांना ठिपक्यांनी काढता यावीत म्हणून त्याने १८३९ मध्ये एक निराळी पद्धती प्रसिद्ध केली.

इंग्लंडमध्ये हा वाद मिटविण्याची रीत अधिक उद्बोधक आहे. तेथे अनेक उठावदार लिप्या स्पर्धेत होत्या. दृष्टी गमावलेले डॉक्टर टॉमस आर्मिटेज यांनी १८६८ मध्ये स्थापिलेल्या संस्थेत निर्णय करणारे सभासद स्वतः अंध असावेत, त्यांना किमान तीन पद्धती याव्यात आणि कोणत्याही पद्धतीत त्यांचा आर्थिक हितसंबंध नसावा, अशी अट होती. त्यांनी ब्रेलची निवड केली.

भारतात अडचण वेगळी झाली. दादर येथे १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंधशाळा सुरू केली. कलकत्ता, अमृतसर येथील प्रयत्न त्याआधीचे. ब्रेल सर्वांना मान्य, परंतु कोणत्या वर्णाला कोणते ठिपके हे ज्याने त्याने ठरविले. कलकत्त्याचे लालबिहारी शाह, अहमदाबादचे डॉ. नीळकंठराय छत्रपती, तसेच नोल्स व गार्थवेट यांच्या पद्धती परस्परांशी जुळत नव्हत्या. एका प्रांतातील पुस्तक दुसऱ्या प्रांतातील बोटांना परके राही. भारत सरकारने १९४९ मध्ये हा प्रश्न युनेस्कोकडे नेला. तेथे त्याची धुरा वाहणारे क्लूथा मॅकेंझी पहिल्या महायुद्धात गॅलिपोली येथे दृष्टी गमावलेले होते. दिल्लीत शिक्षण मंत्रालयात या विषयाचे काम पाहणारे लाल अडवाणी हेही दृष्टिहीन. १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली आणि त्याच वर्षी डेहराडून येथे केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले.

भारती ब्रेलची रचना मराठी वाचकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. इंग्रजीतील 'के'चे ठिपके तेच 'क'चे, 'बी'चे तेच 'ब'चे. त्यामुळे मुलाला दोन भाषांसाठी दोन ओझी वाहावी लागत नाहीत. 'ळ' या वर्णाला स्वतंत्र चिन्ह आहे. मात्रा नाहीत; व्यंजनापुढे स्वरच येतो. देवनागरीत 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी येते. ब्रेलमध्ये आधी 'क', मग 'इ'. म्हणजे लिपी डोळ्यांच्या सवयीला न जुमानता उच्चाराच्या क्रमाने चालते.

परीक्षेत मात्र ही लेखणी पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाते. केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ब्रेल, संगणक, मोठा टाइप किंवा ध्वनिमुद्रण यांपैकी माध्यम निवडण्याची मुभा दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने समावेशक शिक्षणाचे कर्तव्य सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात लेखनिक मिळण्याचा हक्क व्यापक केला, आणि ज्यांना लेखनिक हवा त्यांच्या दृष्टीने तो निकाल मोलाचाच आहे. तथापि आपल्या महाविद्यालयांतून लेखनिकाचीच वाट रुळलेली आहे. इतर पर्याय विद्यार्थ्याला विचारलेही जात नाहीत. स्वतःचे वाक्य खोडून पुन्हा लिहिण्याची मुभा, जी पाटी आणि टोचणीने दिली होती, ती त्याला ऐन परीक्षेत राहत नाही.

संगणकाने ती परत दिली असती. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एन.व्ही.डी.ए. ही विनामूल्य प्रणाली २००६ पासून उपलब्ध आहे आणि ती मराठीही वाचते. मात्र मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये कळ इंग्रजी अक्षराची आणि आकृती देवनागरीची असे. डोळ्यांना 'शिक्षण' दिसे, यंत्राला असंबद्ध रोमन अक्षरांची माळ मिळे. आपल्या विद्यापीठीय नियतकालिकांचे कितीतरी अंक अशाच फॉन्टमध्ये जुळविले गेले आहेत, आणि त्यांत अंधांच्या शिक्षणावरील लेखही आहेत. १८२९ च्या त्या पुस्तकाला निदान बोटाने चाचपता तरी येत होते.