कमी बोलणारा कोच

मंडळी, आज जरा वेगळा विषय. क्रिकेट नाही, फुटबॉल नाही, चक्क रोइंग! पुण्यात सीओईपीची रेगाटा पाहिलेल्यांना वल्हवणं हाही एक खेळ असतो हे ठाऊक आहे. बाकीच्यांचा संबंध बहुधा ऑलिंपिकपुरता. अमेरिकेत मात्र कॉलेजांच्या खेळांची सुरुवातच बोटींपासून झाली. १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात झालेली बोटींची शर्यत ही तिथली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानली जाते. याच हार्वर्डमध्ये एका माणसाने पन्नासहून जास्त सीझन पोरांना वल्ही मारायला शिकवलं. त्याचं नाव हॅरी पार्कर. २५ जून २०१३ ला, वयाच्या ७७ व्या वर्षी तो गेला.

पार्कर स्वतः पट्टीचा खेळाडू. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जो बर्कच्या हाताखाली तयार झाला, १९५९ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत सुवर्ण आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पाचवा नंबर. त्याच रोममध्ये अमेरिकेला मोठा धक्का बसला. आठजणांच्या बोटीचं सुवर्ण १९२० पासून अमेरिकेने सोडलं नव्हतं. ते कार्ल अ‍ॅडमच्या जर्मन पोरांनी नेलं. 'आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो' हे उत्तर आता पुरणार नव्हतं.

पार्कर हार्वर्डला आला तो पहिल्या वर्षाच्या मुलांचा कोच म्हणून. १९६३ साली मुख्य कोच हार्वी लव्ह अचानक वारले आणि सगळी टीम या २७ वर्षांच्या पोरावर येऊन पडली. (आपल्याकडे त्या वयात टीम लीड झालो तरी घरी पेढे वाटतात!) त्याच वर्षी हार्वर्डने येलला हरवलं. आणि मग हरवतच राहिले. १९६३ ते १९८०, सलग १८ वर्षं! येलला जिंकायला १९८१ उजाडावं लागलं.

हे जमलं कसं? पार्करच्या नावाशी कायमची जोडली गेलेली एक पद्धत आहे, सीट रेसिंग. आपल्या इंजिनिअर लोकांना ती लगेच पटेल. अडचण अशी की आठजण एकत्र वल्हवतात, तेव्हा बोट नेमकी कोणामुळे पळते ते कळत नाही. दंड मोठे असलेला गडी कदाचित बोट अडवतच असेल. मग करायचं काय? चार-चार जणांच्या दोन बोटी शेजारी शेजारी पळवायच्या आणि अंतर बघायचं. नंतर दोन्हींतला एकेक गडी अदलाबदल करायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि पुन्हा पळवायचं. अंतरात जो फरक पडेल तो त्या अदलाबदलीचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे आपण डीबगिंग करताना शिकतो, तेच.

ऐकायला छान वाटतं, पण बोटीत बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा विचार करा. काल ज्याच्या पाठीमागे बसून वल्हवलं, आज त्याचीच जागा घ्यायची. किंवा आपली त्याला द्यायची. क्रूरच आहे हे. तरीही या माणसावर पोरांचा जीव होता. मला वाटतं त्याचं कारण याच क्रूरपणात आहे. इथे ओळख चालत नव्हती, गोड बोलणं चालत नव्हतं. निकाल पाण्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लागायचा. पार्कर बोलायचाही अगदी मोजकं. भाषणं देण्यापेक्षा हार्वर्ड स्टेडियमच्या पायऱ्या पोरांबरोबर स्वतः पळत चढायचा. आपल्या अप्रेझलची रूम आठवून बघा, फरक कळेल!

त्याची पोरं नुसती आज्ञाधारक निघाली असंही नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला अमेरिकेची आठजणांची बोट हार्वर्डचीच होती आणि त्यातल्या अनेकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंच्या मानवी हक्कांच्या चळवळीला उघड पाठिंबा दिला. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी मुठी उंचावल्या, तेव्हा शेजारी उभ्या पीटर नॉर्मनच्या छातीवर जो बिल्ला होता, तो या बोटीचा कॉक्स पॉल हॉफमनने दिलेला. अमेरिकन ऑलिंपिक समितीने हॉफमनला चौकशीला बोलावलं. फायनलमध्ये बोट सहावी आली. तरी पार्करच्या आठवणी निघतात तेव्हा ही हरलेली बोट हमखास निघते.

बायकांच्या रोइंगला फारसं कुणी विचारत नव्हतं, त्या काळात त्याने अमेरिकेच्या महिला संघालाही शिकवलं. १९७५ च्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या आठजणींनी रौप्य मिळवलं, तर १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, म्हणजे महिलांचं रोइंग पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा, कांस्य.

शेवटी रक्ताच्या आजाराने त्याला गाठलं. तरी २०१३ चा सीझन त्याने पुरा केला. जूनमध्ये येलला हरवलं आणि त्याच महिन्यात तो गेला.

हार्वर्डबाहेरची त्याची एक खूण मला फार आवडते. बॉस्टनला चार्ल्स नदीवर कम्युनिटी रोइंग नावाच्या संस्थेचं बोटहाऊस आहे. तिथे हार्वर्डची अ‍ॅडमिशन लागत नाही. शाळकरी पोरं, नोकरदार, अपंग, कोणीही येऊन वल्हवायला शिकतं. २००८ साली उभ्या राहिलेल्या त्या इमारतीचं नाव 'हॅरी पार्कर बोटहाऊस'. आयुष्यभर निवडक आठजण शोधणाऱ्या माणसाचं नाव अशा दारावर आहे, जिथे कोणालाच गाळत नाहीत. कोचला याहून चांगली श्रद्धांजली कुठली?