परळची संशोधक आणि पालेभाजी

स्मरणिकेत पाककृती असतात, आणि त्या असाव्यातच. मी मात्र यंदा एका डॉक्टरीणबाईंची हकीकत सांगणार आहे. विषय स्वयंपाकघरातलाच आहे. पालेभाजीने अंगात रक्त भरते, असे जुन्या बायका म्हणत. त्या म्हणण्याला शास्त्राचा जो आधार पुढे मिळाला, त्याचा पाया आपल्या मुंबईत, परळला घातला गेला, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसेल.

ल्यूसी विल्स या मूळच्या इंग्लंडच्या. केंब्रिजला शिकून पुढे त्यांनी लंडनला वैद्यकीची पदवी घेतली. १९२८ साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. त्या काळी गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग होई. रक्तातील तांबड्या पेशी थोड्या उरत आणि उरलेल्या आकाराने नको इतक्या मोठ्या होत. त्यात कितीतरी बाया दगावत.

विल्सबाईंनी रोगिणींची नाडी पाहिलीच, पण त्यांच्या ताटात काय पडते याचीही चौकशी केली. मला तर साऱ्या हकीकतीत हीच गोष्ट मोलाची वाटते. ज्या गरीब बायकांच्या खाण्यात फळे, भाज्या व प्रथिने कमी, त्यांच्यातच हा रोग फार, असे त्यांना आढळले. तसाच आहार माकडांना देऊन पाहिला, तेव्हा माकडांनाही पंडुरोग जडला! उपाय सापडला तो मात्र नवलाचा. मार्माइट म्हणून यीस्टचा एक काळपट, खारट अर्क असतो. विलायतेत तो पावाला लावून खातात. तो देताच रोगिणी सुधारू लागल्या. १९३१ साली विल्सबाईंनी हे प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य कोणते, हे तेव्हा कळले नव्हते. लोक त्याला विल्सबाईंच्याच नावाने ओळखू लागले.

पुढे १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालकातून एक द्रव्य चिमूटभर वेगळे काढले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याचे नाव ठेवले फॉलिक आम्ल. परळच्या रोगिणींना हवे होते ते हेच. आज गरोदरपणी लोहाच्या जोडीने जी गोळी मिळते, तिच्यात ते असते. बाळाच्या पाठीच्या कण्यातले जन्मजात दोषही त्याने पुष्कळसे टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले.

हे द्रव्य पाण्यात उतरते आणि फार शिजवल्याने नासते. म्हणून पालक, मेथी, चवळई आधी धुवावी, मग चिरावी. उकडून पाणी फेकू नये. सगळा पंडुरोग काही पालेभाजीने जात नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे लोहाची उणीव मोठी आहे, आणि पाल्यातले लोह शरीर थोडेच घेते. वर लिंबू पिळले तर जरा अधिक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांत ५७ जणींना पंडुरोग आढळला. म्हणजे विल्सबाईंचा प्रश्न अजून शिळा झालेला नाही. सर्वांचे वाढून झाल्यावर जी जेवायला बसते, तिच्या वाट्याला भाजीचा रस आणि कढईला चिकटलेले चार तुकडे येतात, हे मी निराळे सांगायला नको!

आता हृदयविकार, पक्षाघात टळावेत म्हणूनही जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज निदान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाण्यास सांगते. पाच मोठ्या माणसांच्या घराला हे दोन किलो झाले. बाजारात पिशवी भरताना हा आकडा लक्षात असू द्यावा. आणि हो, बटाटे त्यात धरत नाहीत.