बंद केलं की सगळं विसरणारं मशीन

आजचा एपिसोड एका छोट्याशा प्रश्नाबद्दल आहे. व्हर्च्युअल मशीन बंद करताना काही सॉफ्टवेअर विचारतात, "बदल ठेवायचे की टाकून द्यायचे?" आपण म्हणतो, टाकून दे. विंडो बंद होते आणि पुढच्या वेळी मशीन कोरं करकरीत उठतं. व्हायरस गेला, बिघडवलेली सेटिंग्ज गेली, आत सेव्ह केलेली असाइनमेंटही गेली. ही सोय आली कुठून? आणि 'गेलं' म्हणजे नेमकं कुठे गेलं?

आधी युक्ती समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. शाळेत आपण नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवायचो, आठवतं? खालचा नकाशा तसाच राहायचा, पेन चालायचं ते वरच्या कागदावर. इथेही तेच. मूळ डिस्कची फाइल फक्त वाचायची. लिहायची वेळ आली की ते वरच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं. वाचताना आधी वरचा कागद बघायचा, तिथे काही नसेल तर खालचा. काम संपलं की वरचा कागद फेकायचा. म्हणजे इथे काहीच 'पुसलं' जात नाही. मूळ डिस्कला कोणी हातच लावलेला नसतो. म्हणून तर ५० जीबीची डिस्क क्षणात पूर्ववत होते.

आता जाऊया अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला. तिथे आयबीएमचं सायंटिफिक सेंटर होतं. रॉबर्ट क्रीसी आणि त्याच्या टीमने तिथे सीपी-४० नावाची सिस्टिम बनवली आणि जानेवारी १९६७ मध्ये ती रोजच्या वापरात आली. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र, आणि वापरणारे अनेक. यांनी काय केलं, तर प्रत्येकाला आपल्या हाताशी अख्खं मशीन आहे असं वाटेल अशी सोय केली. याच वाटेने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आलं.

तिथली डिस्कची वाटणी मला फार आवडते. सिस्टिमची डिस्क सगळ्यांना सामायिक, पण फक्त वाचण्यापुरती. प्रत्येकाची स्वतःची वेगळी डिस्क, तिच्यावर लिहिलेलं टिकणार. आणि गरजेपुरती मागून घेता येईल अशी तात्पुरती डिस्क, लॉगऑफ केलं की ती गेली. काय टिकणार आणि काय जाणार, हे वापरणाऱ्याला आधीच ठाऊक होतं.

मग पर्सनल कॉम्प्युटर आला आणि ही शिस्त विस्कटली. सिस्टिम, फाइली, गेम, व्हायरस, सगळं एकाच सी ड्राइव्हवर नांदू लागलं. एक चुकीचं इन्स्टॉलेशन झालं की थेट फॉरमॅट मारा!

१९९८ मध्ये स्टॅनफर्डशी जोडलेल्या संशोधकांनी आणि डायन ग्रीन यांनी मिळून व्हीएमवेअर कंपनी सुरू केली. १९९९ मध्ये त्यांचं वर्कस्टेशन बाजारात आलं. त्या सुरुवातीच्या काळात डिस्कचे तीन प्रकार निवडता यायचे. पहिला, लिहिलेलं कायम राहणारा. दुसरा, बंद केलं की सगळं विसरणारा. तिसरा, बंद करताना विचारणारा: ठेवू, टाकू, की निर्णय पुढे ढकलू? बदल जायचे 'रीडू' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये. हाच तो ट्रेसिंग पेपर.

२००३ मध्ये फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार याने क्यूएमू हा एम्युलेटर प्रसिद्ध केला. त्यात कमांडला 'स्नॅपशॉट' हा पर्याय जोडला की सगळे बदल तात्पुरत्या फाइलमध्ये जातात. नावात गंमत आहे. आज स्नॅपशॉट म्हटलं की आपल्याला 'जपून ठेवणं' आठवतं. इथे त्याचा अर्थ 'टाकून देणं'. विचार बदलला आणि बदल ठेवावेसे वाटले, तर मशीन चालू असतानाच कमिट करावं लागतं.

इथवर विसरणं म्हणजे निव्वळ सोय. पण मशीन सार्वजनिक असेल तर? लायब्ररी, शाळेची लॅब, सायबर कॅफे. तिथे व्हर्च्युअल मशीन नसलं तरी युक्ती हीच वापरली जायची. मायक्रोसॉफ्टच्या स्टेडीस्टेटमध्ये रीस्टार्ट केलं की डिस्क मूळपदावर येण्याची सोय होती. मागच्या गिऱ्हाइकाने घातलेला गोंधळ पुढच्याला दिसायचा नाही.

आणि इथेच आपल्याकडे पेच येतो. २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम काढले. ग्राहकाचं ओळखपत्र तपासा, नोंदवही ठेवा, आणि कोणत्या वेबसाइट पाहिल्या त्याच्या नोंदी किमान एक वर्ष जपा. म्हणजे मशीनने विसरायचं, पण कॅफेने लक्षात ठेवायचं! समोरचा स्क्रीन कोरा दिसला, तरी आपली नोंद मागे कुठेतरी असणारच होती. चूक कोणाची, यात मी पडत नाही. गुन्ह्याच्या तपासाला नोंदी लागतात, हे खरं. आपण काय वाचलं हे कोणी साठवू नये असं वाटणं, तेही खरं. पण विसरायचं काय, हे खुर्चीवर बसलेला माणूस ठरवत नव्हता.

उलट दिशेने गेलेले लोकही आहेत. २००९ च्या सुमारास सुरू झालेली टेल्स ही सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालते आणि तुम्ही स्वतः वेगळी सोय केली नाहीत तर बंद केल्यावर काही ठेवत नाही. स्नोडेन प्रकरणावर काम करणाऱ्या पत्रकारांनी ती वापरली. त्यांच्यासाठी विसरणं ही सुरक्षेची गरज होती. पण टेल्सचे निर्माते स्वतःच सांगतात: ही सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवाल, तर खालची मूळ सिस्टिम तुमचं सगळं पाहू शकते.

हा मुद्दा नीट ऐका. बदल टाकून दिल्याने आतलं मशीन विसरतं. होस्ट विसरेलच असं नाही. तात्पुरती फाइल डिलीट झाली, तरी डिस्कवरचा मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत उरू शकतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या 'इम्यूटेबल' डिस्कचे बदल तर बंद करताना नाही, पुढच्या वेळी सुरू करताना जातात! मधल्या काळात ते पडून असतात.

आणि भिंतीलाही भोक पडू शकतं. २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाची त्रुटी उघड झाली. ती होती क्यूएमूच्या व्हर्च्युअल फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये, २००४ पासूनची. फ्लॉपी कोण वापरतं? कोणीच नाही, पण कोड होता. त्यातून आतल्या मशीनमधला हल्लेखोर बाहेर होस्टवर येऊ शकला असता. बाहेर आलेल्याला वरचा कागद फेकून काय फरक पडणार?

तरी ही युक्ती आज सगळीकडे आहे. २०१९ पासून विंडोज १० प्रो मध्ये सँडबॉक्स आहे. विंडो बंद केली की आतलं सगळं जातं. गिटहबने चालवलेल्या मशीनवर कोड टेस्ट करायला टाकला, की प्रत्येक कामासाठी नवं मशीन उठतं आणि काम झालं की जातं. आम्हा डेव्हलपर मंडळींचं यावाचून पान हलत नाही. "माझ्या मशीनवर तर चालतंय" या वाक्याला एवढं चोख उत्तर दुसरं नाही. पण टेस्टचे लॉग मात्र जपून ठेवलेले असतात, कारण मशीनसोबत तेही गेले तर बिघाड शोधायचा कशात?

म्हणून पुढच्या वेळी संशयास्पद फाइल अशा मशीनमध्ये उघडाल, तेव्हा शेअर्ड फोल्डर आणि कॉपी-पेस्ट आधी बंद करा, हवं असेल तर नेटही. कारण तिथून जे बाहेर गेलं, ते वरच्या कागदावर नसतंच. स्वतःच्या खात्यात लॉगिन केलंत तर त्याची नोंद समोरच्या सर्व्हरवर राहते. आणि आत काही कामाचं केलं असेल, तर बंद करण्याआधी बाहेर काढून घ्या. मशीनला तुमची असाइनमेंट आणि व्हायरस यातला फरक कळत नाही.

तुमच्या शाळेत किंवा कॉलेजात रीस्टार्ट केलं की सगळं विसरणारी लॅब होती का? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!